कशावरून?

प्रश्न : सर, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सातवीला इतिहास शिकवते. वर्गात ५४ मुलं. दिवाळीच्या सुट्टीत ‘महाराष्ट्रातील किल्ले’ हा प्रकल्प दिला होता. ३१ मुलांनी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणल्या, त्यातल्या बारा शब्दन् शब्द सारख्या. सहा थर्माकोलचे किल्ले आले, ते पालकांनी केलेले किंवा सरळ विकत आणलेले. एका मुलीने शिवनेरी म्हणून चक्क जैसलमेरचा फोटो चिकटवला. आपल्याच प्रकल्पात काय लिहिलंय हे कुणालाच सांगता येईना. मी चिडले, मग घरी गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. आता दुसऱ्या सत्राचा प्रकल्प द्यायचाय. मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनात इतिहासाचं प्रदर्शन हवंय. सहलीला पैसे नाहीत, आठवड्याला तीन तास मिळतात आणि अभ्यासक्रम मागे पडलाय. मुलांनी स्वतः काही करावं असं काय देऊ?
— इतिहासाच्या एक बाई

उत्तर : बाई, आधी त्या जैसलमेरवाल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. थट्टा करत नाही. तिच्यामुळे दुसऱ्या सत्राचा पहिला तास तुम्हाला आयता मिळालाय.

तो फोटो फळ्यावर लावा. कुणाच्या वहीतला आहे ते सांगू नका, ‘मला एका दुकानात मिळाला’ म्हणा. शेजारी शिवनेरीचं खरं चित्र लावा आणि एकच प्रश्न विचारा : पहिला फोटो शिवनेरीचा नाही, हे कशावरून? दोन मिनिटं शांतता पसरेल. ती पसरू द्या, आपण मास्तर लोक फार लवकर उत्तर देऊन टाकतो. मग कुणीतरी म्हणेल, ‘बाई, दगड पिवळा आहे.’ तिथून धागा पकडायचा. तुझ्या शेतातली विहीर खणली तेव्हा कुठला दगड लागला? काळा. आपला सगळा सह्याद्री आणि तुमचं सोलापूरही त्याच काळ्या कातळावर बसलंय, आणि जैसलमेरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा. किल्ला जवळपासच्या दगडातच बांधायचा, कारण दगड वाहून आणणं महाग. आपल्या गडांवर पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगड तिथेच तटाला नि वाड्यांना वापरलेला दिसतो. म्हणजे खड्डाही कामाचा आणि खड्ड्यातून निघालेलाही कामाचा. हे एवढं जरी मुलांनी फोटोवरून ओळखलं, तरी ३१ प्रिंटांपेक्षा जास्त इतिहास झाला.

त्या प्रिंटाही रद्दीत देऊ नका. पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक प्रिंट द्या आणि तीन वाक्यं शोधायला सांगा : जे पाठ्यपुस्तकात जसंच्या तसं सापडतं ते, जे पुस्तकाशी जुळत नाही ते, आणि जे खरं की खोटं हे आपल्याला आत्ता सांगताच येत नाही ते. सर्वांत जास्त भांडणं तिसऱ्या वाक्यावरून होतील. होऊ द्या.

आता मुद्द्याचं बोलतो, जरा कडू लागेल. चूक मुलांची नाही, झेरॉक्सवाल्याचीही नाही. ‘महाराष्ट्रातील किल्ले’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषय दिला की माहिती गोळा करायची, आणि माहिती गोळा करण्यात दुकानदाराचा हात कुठल्याही सातवीतल्या पोरापेक्षा चांगलाच चालणार. मीही यातूनच गेलोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ‘शिवकालीन शस्त्रे’ असा प्रकल्प दिला होता. एका मुलाने पुठ्ठ्याचा दांडपट्टा, ढाल, वाघनखं अशी देखणी मांडणी आणली. पहिला नंबर दिला, वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. नंतर सहज विचारलं, ‘दांडपट्टा हातात कसा धरतात रे?’ तो म्हणाला, ‘सर, ते मामाला विचारावं लागेल.’ वर्ग हसला. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. चूक माझी होती आणि हसू त्याचं झालं.

तेव्हापासून माझा नियम एकच. प्रकल्पात ‘कशावरून?’ याचं उत्तर मुलाला स्वतःच्या तोंडाने देता आलं पाहिजे. पुस्तकात वाचलं, आजीने सांगितलं, दगडावर पाहिलं, काहीही चालेल. पण ‘दुकानातून’ हे उत्तर नाही.

तुमच्या भागात यासाठी सोन्यासारखा विषय पडलाय, तो म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पासष्टीच्या आगेमागे आहेत, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आजी-आजोबा. ओट्यावर बसलेला हा दस्तऐवज आहे आणि तो फार काळ तिथे बसणार नाही.

पण पोरांना नुसतं ‘दुष्काळाबद्दल विचारून या’ म्हणून सोडलंत, तर पन्नास वह्यांत एकच वाक्य येईल : लई वाईट दिवस होते. प्रश्न बारीक हवेत, हाताला लागतील असे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना घरातून किती वाजता निघायचात? लहान भावंडांना कुणापाशी ठेवायचात? सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक कोरडा खाऊ) कशात बांधून आणायचात? मजुरी कुणाच्या हातात पडायची, तुमच्या की दादल्याच्या? लाल मिलोची (बाहेरच्या देशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना काय व्हायचं? जनावरं विकली की छावणीला नेली? हे प्रश्न आधी वर्गात मुलांकडूनच काढून घ्या, फळ्यावर लिहा आणि ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल तो पुसून टाका. ह्यातच एक तास जाईल आणि तो वाया गेलेला नसेल.

माझ्या वर्गात एकदा मजा झाली. एका मुलीच्या आजीने सांगितलं, सुकडी गोड लागायची, आम्ही पोरं तिच्यासाठी भांडायचो. दुसरीची आजी म्हणाली, त्या सुकडीचं नाव काढू नको, घशाखाली उतरत नव्हती. दोघी पोरी वर्गात तावातावाने भांडल्या, माझी आजी खोटं बोलत नाही म्हणून. मी त्यांना पुन्हा घरी पाठवलं, एकच प्रश्न देऊन : तेव्हा तुझं वय काय होतं? पहिली आजी नऊ वर्षांची होती. दुसरी नुकतं लग्न झालेली, दिवसभर उन्हात खडी फोडणारी, गावाकडे लहान बहिणी ठेवून आलेली. दोघीही खरंच बोलत होत्या. साक्ष कोण देतंय, तेव्हा ते माणूस कुठे उभं होतं, हे पाहिल्याशिवाय साक्ष वाचता येत नाही. हे मला चाळीस मिनिटं व्याख्यान देऊन सांगता आलं नसतं.

आजीचं ऐकून झालं की गावाकडे वळा. तुमच्या आसपास एखादा पाझर तलाव किंवा जुना रस्ता त्या कामांतला असेलच. कुठला, कधीचा, हे ग्रामपंचायतीत आणि म्हाताऱ्या माणसांकडे विचारायचं आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहायची. ती जुळली नाहीत तर फारच उत्तम. मोठं चित्र तुम्ही द्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला. आजीची खडी आणि नागरिकशास्त्रातला ‘कामाचा हक्क’ एकाच वहीत आले. अभ्यासक्रम मागे पडल्याची तुमची चिंताही त्याने थोडी कमी होईल, कारण इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचे तास एकात एक बसतात.

एक सावधगिरी. या मुलाखतींत पाणवठ्याच्या गोष्टी निघतील. कोण कुठल्या विहिरीवर चढू शकत होतं आणि कोण नाही, कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. मुलं ते वहीत लिहून आणतील. ते खोडायला लावू नका. फक्त वाचून दाखवताना घराण्याचं, आडनावाचं नाव घेऊ नका, आणि कुणाची आजी काय म्हणाली हे दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं नाही, हा करार आधीच वर्गाशी करून घ्या. ज्या मुलाच्या घरी कुणी म्हातारं माणूस नाही त्याला शेजार शोधून द्या. हे विसरू नका, मी विसरलो होतो.

शिवकाळ तर सातवीला आहेच, तेव्हा त्यातलं एक पत्र घ्या. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, म्हणजे अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र इतिहासाच्या साधनग्रंथांत छापलेलं आहे. मूळ भाषा फारसी शब्दांनी भरलेली, मुलांच्या पचनी पडणार नाही. तुम्ही त्याचं अर्ध्या पानाचं सोपं मराठी करा, एखादी मूळ ओळ मात्र फळ्यावर लिहा, ती फोडायला मुलांना कोड्यासारखी मजा येते. आणि महत्त्वाचं म्हणजे वाटताना पत्र लिहिणाऱ्याचं नाव आणि साल झाकून वाटा.

मग विचारा : हे पत्र कुठल्या ऋतूत लिहिलं असेल? पत्रात आहे ते असं. पावसाळा काढण्यासाठी दाणा आणि गवत साठवलंय, ते आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. पुढे आगीची धास्ती आहे. गवताजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी गंजी पेटेल. तुमच्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना कडब्याच्या गंजीची आग सांगावी लागणार नाही. ती आपणहून म्हणतील, ‘बाई, हे पत्र उन्हाळ्याच्या शेवटी लिहिलंय.’ बरोबर, मे महिन्यातलं आहे ते.

आता नाव उघडा. ६ जून १६७४ ला रायगडावर ज्यांचा राज्याभिषेक झाला त्यांचं हे पत्र. माझ्या वर्गात एका पोराने तेव्हा विचारलं होतं, ‘सर, एवढ्या मोठ्या राजाला उंदराचं काय पडलंय?’ मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तोच प्रश्न त्या आठवड्याचा गृहपाठ म्हणून दिला.

आणि इथे थांबू नका. वहीचं पान मधून दुमडायला लावा. डावीकडे ‘या पत्रावरून काय कळतं’, उजवीकडे ‘काय कळत नाही’. उजवी बाजू भरायला वेळ लागेल. सैनिकांनी ऐकलं का? पत्रावरून कळत नाही. असा त्रास आधी झाला होता म्हणून लिहिलं, की होऊ नये म्हणून? तेही नक्की सांगता येत नाही. हुकूम हा काय व्हावं याचा पुरावा असतो, काय झालं याचा नाही. सातवीच्या मुलाला हे कळतं का, असं मला एकदा एका सहकाऱ्याने विचारलं होतं. म्हटलं, ‘वर्गात शांत बसा’ असं भिंतीवर लिहिलंय, त्यावरून मुलं शांत बसतात हे कळतं का? हे मुलांना तुमच्या-माझ्याआधी कळतं.

सहलीला पैसे नाहीत म्हणता, तर गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडे एखादी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, नक्की असेल, बहुधा शेंदूर फासलेली किंवा पाराच्या कडेला टेकवलेली. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचायची ती चित्रकथा आहे, पण हे तुम्ही सांगू नका. मुलांना चौकटी वहीत काढू द्या आणि गोष्ट कुठून सुरू होते यावर वाद घालू द्या. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. तिच्यावर बोलायची तयारी मनाशी करून जा, मुली प्रश्न विचारतील. दगडाला ब्रश लावायचा नाही, खडूने रेघा मारायच्या नाहीत, शेंदूर खरवडायचा नाही. गावकऱ्यांचा तो देव आहे, आधी त्यांना विचारायचं. (गधेगळ, म्हणजे गाढव आणि बाई कोरलेला शापाचा दगड, सापडली तर मात्र पोरांना लांबूनच दाखवा. शिक्षक-पालक सभेत त्याचं स्पष्टीकरण देणं अवघड जातं, अनुभव आहे.)

शाळा जुनी असेल तर कार्यालयातल्या कपाटात आणखी एक ऐवज आहे, तो म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात दाखल झाल्याचं साल, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं असतं. पण त्यात नावं आणि जातीही असतात, म्हणून ते रजिस्टर मुलांच्या हातात द्यायचं नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तुम्ही स्वतः वीस-वीस वर्षांच्या अंतराने चार वर्षं निवडा आणि फक्त साल, मुलगा की मुलगी, पालकाचा धंदा, सोडण्याचा महिना आणि कारण एवढं एका कागदावर उतरवून द्या. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर त्या बाजूला ठेवा किंवा मोडी वाचणारं कुणी गावात आहे का पाहा. मग मुलांनी मोजायचं. मुली किती? कुठले धंदे आज गावात उरले नाहीत? ‘सतत गैरहजर’ हे कारण कुठल्या महिन्यांत जास्त दिसतं, आणि त्या महिन्यांत शेतात काय काम असतं? गणिताच्या सरांना पटवलंत तर स्तंभालेख त्यांच्या तासाला होऊन जातील.

कालरेषा चार्टवर काढू नका, मैदानात चाला. एक पाऊल म्हणजे दहा वर्षं. १६३० पासून निघालं की पाच पावलांवर १६८०, एकोणिसाव्या पावलाला पेशवाई संपते, बत्तिसाव्याच्या आत स्वातंत्र्य, आणि अडतिसाव्या पावलाशी तुमची मुलं जन्माला येतात. मग उलटं फिरून हडप्पाच्या भराच्या काळाकडे, इसवी सनापूर्वी २६०० कडे, चालायला सांगा. १६३० च्या खुणेपासून सव्वाचारशे पावलं होतात, शाळेचं गेट मागे पडतं. एका मुलाला रस्त्याच्या कडेला उभं करा आणि बाकीच्यांनी मैदानातून त्याला हाक मारायची. पंधरा मिनिटांचा खेळ आहे, पण ‘फार पूर्वी’ म्हणजे किती पूर्वी हा गोंधळ बराच मिटतो.

हे सगळं एका सत्रात करू नका. दुष्काळ किंवा वीरगळ, दोन्हींपैकी एक प्रकल्प म्हणून घ्या, आणि पत्राचा एक तास. बाकी पुढच्या वर्षी. पुढच्या दिवाळीला अंगणातल्या मातीच्या किल्ल्याचाही विचार करा. मुलं तो तसाही करतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. फक्त एक अट घाला : दरवाजा समोरून दिसता कामा नये. रायगडाच्या महादरवाजासारखा दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा चिखलात करायला गेलं की तो तसा का केला असेल हे बोटांनाच कळतं. थर्माकोलच्या किल्ल्याला ते सुचत नाही.

गुणांचं म्हणाल तर सजावटीला शून्य गुण, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. पालकांचा अर्धा उत्साह तिथेच मावळतो. प्रत्येक मुलाला तोंडी दोन प्रश्न : हे तुला कुठून कळलं? आणि त्या माणसाला कुठून कळलं असेल? ५४ मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, तीन-चार तासांत उरकतं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीही त्यातूनच निघतात, वेगळं काही लिहावं लागत नाही.

मुख्याध्यापकांना प्रदर्शन हवंय ना, मग द्या की. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूखाली, चित्राखाली मुलाच्या अक्षरात एक चिठ्ठी असू द्या, ‘कशावरून’ने सुरू होणारी. आणि चार खुर्च्या मांडून चार आज्यांना बोलवा. कागदावर लिहा : ‘बहात्तरबद्दल यांना विचारा’. पाहुणे थर्माकोल बघून पुढे सरकतात, आजीपाशी थांबतात. चहाची सोय मात्र आधी करून ठेवा, त्या दुपारभर बोलतात.

शेवटी नाण्यांबद्दल. प्रकल्प सुरू झाला की एखादं पोर कंपासपेटीतून शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, घेऊन येणार, देव्हाऱ्यातून न विचारता उचललेली. माझ्याकडे अशीच एक आली होती. मी ती जपून ठेवतो म्हणून कपाटात ठेवली, सुट्टीनंतर कपाट रंगवायला काढलं आणि ती कुठे गेली ते आजतागायत सापडलं नाही. मुलाचे आजोबा शाळेत आले, शांतपणे ऐकून घेतलं आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी मुलांना नाणी घरीच ठेवायला सांगत आलो. नाण्यावर पातळ कागद धरायचा, पेन्सिलीचं शिसं आडवं घासायचं आणि ठसा शाळेत आणायचा. नाणं फार झिजलेलं नसेल तर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ उमटतं, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. कधी अर्धंच अक्षर येतं आणि पोरं ते कुठलं असेल यावर तास काढतात. कागद हरवला तर दुसरा ठसा घेता येतो.